विंडोजवरून मॅकवर येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा नेहमीचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. "लॅपटॉप बदलायचाच आहे, तर या वेळी मॅक घेऊन पाहतो" असं म्हणणारे आणि मग अडलं की विचारणारे तेव्हापासून वाढले आहेत. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या, म्हणजे एम१ आणि त्यानंतरच्या मॅकबुकसाठी आहेत. मेनूंची नावं मॅकओएसच्या सिक्वोया आवृत्तीत दिसतात तशी दिली आहेत.

एक विनंती मात्र आधीच करतो. जुना लॅपटॉप इतक्यात विकू नका, कुणाला देऊ नका, पुसू नका. आधी प्रश्न १८ वाचा.

१. नवा मॅक पहिल्यांदा चालू केला की आधी काय करायचं?

चार्जर लावा, वायफायला जोडा आणि पडद्यावर येणारे प्रश्न घाईने पुढे ढकलू नका. तीन ठिकाणी थांबून विचार करा. "माहिती जुन्या संगणकावरून आणायची का?" हा प्रश्न सुरुवातीलाच येतो; तेव्हा आणली तर पुढचा एक मोठा गोंधळ टळतो (प्रश्न ३). ॲपल अकाउंट आधीपासून असेल तर तेच वापरा, विसरलो म्हणून दुसरं काढू नका. आणि फाइलव्हॉल्ट, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू केलीत तर तिची रिकव्हरी की कागदावर लिहून लॅपटॉपपासून वेगळी ठेवा. पासवर्ड आणि की दोन्ही हरवल्या, तर डिस्कवरची माहिती परत मिळवायचा मार्ग उरत नाही.

बाकी रंग, वॉलपेपर, आवाज वगैरे नंतर केव्हाही बदलता येतं.

२. मायग्रेशन असिस्टंटने जुन्या लॅपटॉपमधलं सगळं येतं का?

मायग्रेशन असिस्टंट हे जुन्या यंत्रावरची माहिती मॅकवर आणणारं ॲपलचं साधन. त्यातून सगळं येत नाही. कागदपत्रं, फोटो, गाणी, ईमेल खाती, संपर्क, कॅलेंडर, बुकमार्क हे बहुतेक येतं. सॉफ्टवेअर येत नाही, कारण विंडोजसाठी बनवलेले प्रोग्राम मॅकवर चालतच नाहीत (प्रश्न १०).

जुन्या लॅपटॉपवर ॲपलच्या संकेतस्थळावरून विंडोजसाठीचा मायग्रेशन असिस्टंट उतरवून घ्या, दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर ठेवा, दोन्हीकडे तोच आकडी कोड दिसतो का पाहा. मग यादी येते. या यादीवर वेळ घालवा. अनेकांनी सी ड्राइव्हवर फक्त विंडोज ठेवून सगळं काम डी ड्राइव्हवर केलेलं असतं. त्या ड्राइव्हपुढे खूण आहे ना, हे स्वतः पाहून घ्या.

वनड्राइव्ह वापरत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. जुन्या लॅपटॉपवर ज्या फाइलींपुढे ढगाचं चिन्ह दिसतं, त्या तिथे प्रत्यक्ष उतरलेल्याच नसतात, फक्त त्यांचं नाव दिसत असतं. त्या ओढून आणण्यापेक्षा मॅकवर वनड्राइव्ह घालून त्याच खात्याने आत जाणं सरळ आणि सुरक्षित.

माझं मत विचाराल, तर फाइली थोड्या आणि नीट लावलेल्या असतील तेव्हा मी हे साधन वापरतच नाही. एक्सटर्नल डिस्कवर हाताने कॉपी करतो. काय आलं आणि काय राहिलं, हे डोळ्यांसमोर राहतं.

३. माहिती आली असं पडद्यावर दिसलं, पण फाइली कुठेच नाहीत. गेल्या का?

गेल्या नाहीत, दुसऱ्या खोलीत आहेत. मॅकवर आधी स्वतःचं खातं उघडून मग मायग्रेशन असिस्टंट चालवला, तर जुन्या लॅपटॉपची माहिती एका वेगळ्या वापरकर्त्याच्या खात्यात येऊन बसते. डावीकडच्या ॲपल मेनूतून लॉग आउट करा. लॉगिनच्या पडद्यावर जुन्या विंडोज खात्याचं नाव दिसेल. त्यात शिरा, पासवर्ड ठरवा, फाइली तिथे असतील. मग एकतर तेच खातं रोजचं करा, नाहीतर फाइली "शेअर्ड" फोल्डरमधून इकडे आणा.

४. पासवर्ड आणि बुकमार्क कसे आणायचे?

जुन्यावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये खात्याने लॉगिन केलेलं असेल, तर मॅकवर तोच ब्राउझर घाला, त्याच खात्याने आत जा, काम झालं. सफारी वापरायची असेल तर बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये आणि पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये काढून आयात करता येतात. सिक्वोयापासून मॅकवर "पासवर्ड्स" नावाचं स्वतंत्र ॲप आहे, ते ही फाइल घेतं.

त्या सीएसव्हीत तुमचे सगळे पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात. ती कुणालाही, अगदी स्वतःलाही, ईमेल करू नका. आयात झाली की दोन्ही यंत्रांवरून पुसा आणि कचरापेटीही रिकामी करा.

पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी बोट, चेहरा किंवा पिनने लॉगिन करायची सोय, वापरत असाल तर थोडं जपून. विंडोज हॅलोमध्ये साठवलेली पासकी जुन्या लॅपटॉपलाच बांधलेली असू शकते. त्या खात्यांत जुन्यावरून लॉगिन असतानाच मॅकसाठी किंवा फोनसाठी नवी पासकी बनवून घ्या.

५. जुने ईमेल येतील का?

खातं आयमॅप पद्धतीचं असेल तर मेल सर्व्हरवरच आहेत. मॅकवर खातं जोडलं की दिसू लागतील. पॉप पद्धतीचं असेल तर जुने मेल बहुधा फक्त जुन्या लॅपटॉपवर आहेत, आणि तो पुसला तर तेही गेले. आउटलुकची पीएसटी फाइल ॲपलच्या मेल ॲपमध्ये थेट उघडत नाही. मॅकसाठीच्या आउटलुकमध्ये ती आयात करता येते. वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार त्या एका फाइलीत असतो, म्हणून तिची वेगळी प्रत आधी काढा.

६. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही चालत नाही. कीबोर्ड बिघडला आहे का?

कीबोर्ड ठीक आहे. विंडोजवर कंट्रोल जे करतं, ते मॅकवर बहुतेक ठिकाणी कमांड करतं: कमांड-सी, कमांड-व्ही, कमांड-झेड, कमांड-एस. कमांड स्पेसबारला लागून असल्यामुळे ती करंगळीऐवजी अंगठ्याने दाबायची.

सिस्टिम सेटिंग्जमध्ये कंट्रोल आणि कमांडची अदलाबदल करता येते. मी ती सुचवत नाही. दुसऱ्या कुणाच्या मॅकवर बसलात की गाडं पुन्हा अडतं, आणि मॅकवर कंट्रोलची स्वतःची वेगळी कामंही आहेत. थोडे दिवस चुकत चुकत जाऊ द्या, हात आपोआप बसतो.

७. एंटर दाबलं की फाइल उघडण्याऐवजी नाव बदलायला का येतं? डिलीट उलट्या बाजूने का खोडतं? आणि फाइल कट कशी करायची?

फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फाइल एक्सप्लोररमध्ये, रिटर्न म्हणजे नाव बदला. उघडायला कमांड-ओ. उघडण्याआधी नुसती डोकावून पाहायची असेल तर स्पेसबार दाबा. मॅकवरची ही सोय मला सर्वांत जास्त आवडते.

मॅकवरचं डिलीट म्हणजे विंडोजचं बॅकस्पेस. पुढचं अक्षर खोडायला एफएन धरून डिलीट. फाइल कचऱ्यात टाकायला कमांड-डिलीट.

फाइल हलवायची तर आधी कमांड-सी, मग जिथे न्यायची तिथे कमांड-ऑप्शन-व्ही. म्हणजे कापायचं की नुसती प्रत करायची, हे इथे उतरवताना ठरतं. मला ही पद्धत पटते, कारण मधे काही अडलं तरी मूळ फाइल जागेवरच असते.

८. लाल बटण दाबून प्रोग्राम बंद केला, तरी खाली त्याच्याखाली ठिपका दिसतोच. का?

लाल बटण फक्त खिडकी बंद करतं, प्रोग्राम बहुधा चालूच राहतो. पूर्ण बंद करायला कमांड-क्यू. अडकलेला प्रोग्राम जबरदस्तीने बंद करायचा तर कमांड-ऑप्शन-एस्केप. टास्क मॅनेजरसारखी सविस्तर यादी "ॲक्टिव्हिटी मॉनिटर"मध्ये मिळते.

९. एका नावाचे दोन फोल्डर एकत्र करायला गेलो आणि जुन्या फाइली नाहीशा झाल्या. हे कसं झालं?

सगळ्या प्रश्नांत मला सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटते, म्हणून सविस्तर सांगतो.

विंडोजवर "फोटो" नावाचा फोल्डर दुसऱ्या "फोटो" फोल्डरवर नेऊन टाकला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. तिथल्या फाइली तिथेच राहतात, नव्या येऊन मिळतात. मॅकवर तसं केलं की विचारणा होते, आणि तिथे "रिप्लेस" निवडलं तर मॅक तो शब्द अक्षरशः पाळतो: आधीचा अख्खा फोल्डर काढतो आणि त्या जागी नवा ठेवतो. आधीच्यात पाच हजार फोटो आणि नव्यात पाच असतील, तर पाच उरतात. गेलेलं कचरापेटीत सापडेल याचाही भरवसा धरू नका.

मी मॅकवर आलो त्या पहिल्या महिन्यात घरच्या फोटोंचा फोल्डर असाच गमावला होता. जुना लॅपटॉप अजून पुसला नव्हता, म्हणून ते फोटो आज आहेत. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: एकत्र करायचे असतील तर फोल्डर ओढू नका. फोल्डर उघडा, कमांड-ए ने आतल्या फाइली निवडा, आणि त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. आत आणखी उपफोल्डर असतील तर तिथेही त्याच नावाचे आहेत का बघा, कारण नियम तिथेही तोच लागतो. विचारणेत शंका आली तर "कीप बोथ" निवडा. दोन प्रती झाल्या तर नंतर निवडता येतं, एकही उरली नाही तर काहीच करता येत नाही.

१०. माझं विंडोजचं सॉफ्टवेअर मॅकवर चालवता येईल का?

ईएक्सई फाइल थेट चालत नाही. क्रमाने पर्याय तपासा. त्याच सॉफ्टवेअरची मॅक आवृत्ती आहे का? ते ब्राउझरमधून चालतं का? नसेल, तर पॅरलल्स किंवा व्हीएमवेअर फ्यूजनसारख्या प्रोग्रामच्या आत विंडोज ११ ची आर्म आवृत्ती (ॲपलच्या चिपच्या जातीच्या चिपसाठीची) चालवता येते आणि अनेक नेहमीचे प्रोग्राम त्यात चालतात. जुन्या इंटेल मॅकवरची बूट कँपची वाट, म्हणजे मॅकवरच थेट विंडोज घालणं, एम मालिकेच्या चिपवर नाही.

अपवाद कुठे निघतात, तर जिथे सॉफ्टवेअरला खास ड्रायव्हर लागतो तिथे: डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, प्रयोगशाळेचं उपकरण, जुनं बारकोड यंत्र. पॅरलल्सच्या आतलं विंडोज आर्मचं असल्यामुळे इंटेलसाठी लिहिलेला ड्रायव्हर तिथे चालत नाही. तुमचं पोट ज्यावर अवलंबून आहे असा एखादा प्रोग्राम असेल, तर मॅक घेण्याआधीच त्याच्या निर्मात्याला विचारा. घेतल्यानंतर हे कळलेल्यांची ओढाताण मी जवळून पाहिली आहे.

११. मॅकवर सॉफ्टवेअर घालायचं कसं? डीएमजी फाइल उघडली, प्रोग्राम चाललाही, पण रोज पुन्हा ती फाइल उघडावी लागते.

डीएमजी ही एका डिस्कसारखी उघडणारी पेटी आहे. तिच्या आतलं ॲप "ॲप्लिकेशन्स" फोल्डरवर ओढायचं, मग पेटी इजेक्ट करून डीएमजी पुसून टाकायची. तुम्ही रोज पेटीतूनच चालवत आहात.

"विकासकाची पडताळणी करता येत नाही" असा अडथळा आला, तर आधी ते ॲप कुठून घेतलं ते आठवा. मूळ निर्मात्याकडूनच घेतल्याची खात्री असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी" उघडा आणि खाली जाऊन "ओपन एनीवे" दाबा. खात्री नसेल तर अडवलं तेच बरं झालं.

वेगळा अँटिव्हायरस लागतो का, असंही याच्या जोडीने विचारतात. एक्सप्रोटेक्ट नावाची तपासणी मॅकमध्ये मुळातच आहे. घरगुती वापराला ती आणि वेळेवर अपडेट पुरतात, असं मला वाटतं.

१२. एक्सटर्नल डिस्क उघडते, पण तिच्यावर काही ठेवता येत नाही.

डिस्क एनटीएफएस स्वरूपाची असणार. हे विंडोजचं स्वरूप. मॅक ते वाचतो, त्यावर लिहीत नाही. डिस्क खराब झालेली नाही.

दोन्हीकडे वाचता-लिहिता यावं यासाठी एक्सफॅट हे स्वरूप चांगलं. फॅट३२ सुद्धा दोन्हीकडे चालतं, पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून मोठे व्हिडिओ अडतात. स्वरूप बदलताना डिस्क पूर्ण पुसली जाते. तेव्हा आधी सगळं मॅकवर उतरवा, चार-दोन फाइली उघडून पाहा, मगच "डिस्क युटिलिटी"ला हात लावा.

डिस्क उघडतच नसेल आणि ती विंडोजवर बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असेल, तर मॅकला ती स्वतःहून उघडता येणार नाही. जुन्या लॅपटॉपला लावून कुलूप काढा. जुन्या लॅपटॉपमधली डिस्क काढून डबीत घालून मॅकला लावणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर हे कूटबंधन मालकाच्या नकळत सुरू झालेलं असतं.

१३. माझा पेनड्राइव्ह विंडोजला लावला की प्रत्येक फाइलची टिंबाने सुरू होणारी जुळी फाइल दिसते. व्हायरस आहे का?

नाही. फाइलीबद्दलची जास्तीची माहिती मॅक अशा छोट्या फाइलींत ठेवतो. मॅकवर त्या लपलेल्या असतात, विंडोजवर दिसतात. विंडोजवर त्या पुसल्या तरी मूळ फाइलीला धक्का लागत नाही.

पेनड्राइव्हवरून फाइली डिलीट करूनही जागा मोकळी होत नाही, ही तक्रार याच्याच शेजारची. कचरापेटी रिकामी करेपर्यंत त्या फाइली पेनड्राइव्हवरच असतात.

नावांचंही पाहा. प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह, तारांकन असलेलं नाव मॅक चालवून घेतो, विंडोज घेत नाही. विंडोजवाल्यांना फाइली पाठवत असाल तर नावात ही चिन्हं टाळा.

१४. मॅकवर मराठी कसं टाइप करायचं?

सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, तिथे अधिकचं चिन्ह दाबून मराठी निवडा. भाषा बदलायला कंट्रोल-स्पेस किंवा पृथ्वीच्या गोलाची की.

इनस्क्रिप्ट शिकलेल्यांना काहीच नव्याने शिकायचं नाही, कारण ती प्रमाण मांडणी आहे. विंडोजवर हात बसला तोच इथे चालतो. अनेक वर्षांपूर्वी घेतलेल्या कष्टांचं असं चीज होताना पाहून बरं वाटतं. "ऱ्या" लिहायला शिफ्ट धरून जे, म्हणजे ऱ, मग हलन्त, मग य.

इंग्रजी स्पेलिंग लिहून मराठी उमटवायची सवय असलेल्यांना जुळवून घ्यावं लागेल. "क्वर्टी" नावाच्या मांडणीत एका कीला एक अक्षर असतं आणि जोडाक्षराचा हलन्त स्वतः द्यावा लागतो. मेनूपट्टीतून "कीबोर्ड व्ह्यूअर" उघडून समोर ठेवा.

१५. माझ्या जुन्या मराठी फाइली उघडल्या की सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. मजकूर गेला का?

मजकूर आहे, त्याचा वेश उतरला आहे. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फाँट यांत टाइप केलेली फाइल प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेतच साठवते. त्यांना देवनागरी रूप फक्त तो फाँट देतो. मॅकवर फाँट नाही, म्हणून खालचं उघडं पडलं. युनिकोडमध्ये लिहिलेल्या फाइलींना हा त्रास नाही. मंगल फाँट नसला तर अक्षराचं वळण बदलेल, मजकूर वाचता येईल.

तात्पुरता उपाय म्हणजे जुन्या लॅपटॉपच्या फाँट फोल्डरमधून त्या फाँटची फाइल आणून "फाँट बुक"मध्ये घालणं. बहुतेक वेळा मजकूर दिसू लागतो. पण कायमचा उपाय एकच: युनिकोडमध्ये रूपांतर. ते जुना लॅपटॉप आणि त्यावरचं सॉफ्टवेअर चालू आहे तोवर करा. रूपांतर केल्यावर रफार, जोडाक्षरं, "ऱ्या" आणि पहिली वेलांटी नीट वाचून पाहा, चुका तिथेच राहतात. मजकूर मिसळलेला असेल, मधेच खरं इंग्रजी असेल, तर रूपांतरक त्या इंग्रजीचीही देवनागरी करून ठेवतो. तो भाग आधी वेगळा काढा. ज्या फाइली फक्त वाचायला हव्यात, त्यांची जुन्या लॅपटॉपवरूनच पीडीएफ करून घ्या.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी टाइप केलेल्या आठवणी, कविता, मंडळाचे जुने अंक अशाच फाइलींत पडून असतात. आधी त्या सोडवा.

१६. वर्ड-एक्सेल चालतं ना?

चालतं. अपवाद सांगतो: ॲक्सेस आणि पब्लिशर मॅकसाठी नाहीत, एक्सेलमध्ये पॉवर पिव्हट नाही, आणि ॲक्टिव्हएक्सची बटणं असलेल्या शीट चालत नाहीत. साधे मॅक्रो बहुधा चालतात. कार्यालयातली गुंतागुंतीची शीट असेल तर ती पहिल्याच आठवड्यात चालवून पाहा.

१७. आयक्लाउड आहे, मग वेगळा बॅकअप कशाला?

आयक्लाउड सगळीकडे एकच स्थिती ठेवतं. एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. पुसलेली फाइल साधारण ३० दिवस परत मिळते, मग नाही. शिवाय फुकट जागा ५ जीबीच.

बॅकअपसाठी टाइम मशीन वापरा. मॅकच्या जागेच्या निदान दुप्पट आकाराची डिस्क घ्या. ती जोडलेली असली की गेल्या २४ तासांच्या दर तासाच्या, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या दर आठवड्याच्या प्रती ठेवल्या जातात. टाइम मशीनला दिलेली डिस्क सुरुवातीला पुसली जाते, तेव्हा जुन्या फाइली असलेली एकुलती एक डिस्क तिला देऊ नका.

एक प्रसंग अनेकांच्या तोंडचं पाणी पळवतो. आयक्लाउडमधली "डेस्कटॉप अँड डॉक्युमेंट्स फोल्डर्स" ही सोय बंद केली की दोन्ही फोल्डर रिकामे दिसतात. फाइली आयक्लाउड ड्राइव्हमध्ये असतात; फाइंडरमध्ये तिथे जाऊन त्या परत आणायच्या.

१८. जुना लॅपटॉप कधी पुसायचा?

मी निदान दोन महिने थांबतो, आणि वर्षअखेरीचे हिशेब जवळ आले असतील तर ते होईपर्यंत. वर्षातून एकदाच लागणारी फाइल किंवा सॉफ्टवेअर तेव्हाच आठवतं.

तोवर प्रत्येक प्रकारची निदान एक फाइल मॅकवर उघडून पाहा. नुसतं नाव दिसलं म्हणून आली असं धरू नका. पॉपचे मेल आणि पीएसटी (प्रश्न ५), जुन्या फाँटच्या फाइली (प्रश्न १५), पासकी (प्रश्न ४), "डाउनलोड्स" फोल्डर, आणि सॉफ्टवेअरच्या परवान्यांचे क्रमांक हे हमखास मागे राहतात. टाइम मशीनचा एक बॅकअप पूर्ण झाला पाहिजे, आणि त्यातून एखादी फाइल परत काढून पाहिली पाहिजे.

मग, ज्यांचे परवाने ठरावीक यंत्रांपुरते असतात ती सॉफ्टवेअर जुन्यावर निष्क्रिय करा, ब्राउझर आणि इतर खात्यांतून बाहेर या, आणि विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, रिसेट असं जाऊन "सगळं काढा" निवडा. लॅपटॉप घराबाहेर जाणार असेल तर पुढच्या सेटिंगमध्ये "क्लीन डेटा" चालू करा. त्याला काही तास लागतात. चार्जर लावून ठेवा.